सल्ल्याचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. गरोदर बाईला मिळणाऱ्या सल्ल्याचं मात्र कूळही विचारावं आणि मूळही.

दिग्रस शहरात किंवा आसपासच्या एखाद्या तांड्यावर आज पहिलटकरीण असलेल्या मुलीच्या कानावर दिवसभरात काय काय पडतं ते पाहा. घरात थोरली जाऊ सांगते, "लोहाच्या गोळीनं लेकरू काळं होते माय, नको खाऊ." आशाताई म्हणते, रोज एक गोळी चुकवायची नाही. फोनवरची बाई केशराचं दूध प्यायला सांगते, म्हणजे बाळ गोरं होईल. पुढच्या व्हिडिओत कुणी पपई खाल्ल्याने काय झालं त्याची गोष्ट सांगतो आणि त्याच्यापुढचा एका चूर्णाच्या डब्यावर येऊन थांबतो. तिथे सगळे सारख्याच ठामपणे बोलतात. हे किती बायकांवर करून पाहिलं, ज्यांनी केलं नाही त्यांचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. तिच्या फोनमध्ये अख्खं जग आहे, पण त्यातलं विश्वासाचं कोणतं हे ओळखायची खूण तिला कुणी दिलेली नाही. ती खूण कशी तयार झाली, कुणामुळे झाली आणि तिच्यात आपल्या भागातल्या बायकांचा वाटा किती मोठा आहे, त्याचा हा मागोवा.

सुरुवात सुईणीपासून करायला हवी. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिन्यामहिन्याची पथ्यं आहेत, सूतिकागृह कसं असावं ते आहे, आणि प्रसूतीच्या वेळी कोण जवळ असावं तेही आहे: स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कामात तरबेज बायका. म्हणजे विश्वासाची पहिली कसोटी होती अनुभव आणि जिव्हाळा. वऱ्हाडातल्या गावोगावच्या सुईणी याच कसोटीवर पिढ्यानपिढ्या उभ्या होत्या. त्यांनी सांगितलेलं पुष्कळसं बरोबर होतं, हे आज पुराव्यानिशी म्हणता येतं. त्या बाईला चालू-फिरू देत, उकिडवं बसवत, कळा येताना पाठीशी कुणीतरी धरून बसे. वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही, ही अनेक सुईणींची रीत होती. पुढे दवाखान्यांनी बाईला उताणं झोपवलं, नातलगांना बाहेर काढलं आणि नाळ घाईघाईने कापली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचं माणूस असावं, कळांमध्ये तिला हालचाल करू द्यावी आणि नाळ निदान एक मिनिट तरी कापू नये.

पण त्याच सुईणीच्या हातून नाळेवर शेण आणि राख लागे, तीच चिकाचं दूध पिळून टाकायला सांगे. नाळेतून शिरलेला धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्याच्या आसपास बाळाला गाठतो. पाचवी-सटीची रात्र जागवायची आणि सटवाई त्या रात्री कपाळावर लेख लिहून जाते, या श्रद्धेमागे त्या दिवसांचं भय असावं असं मला वाटतं. अनुभव खरा होता, माया खरी होती आणि तरीही बाळं जात होती, कारण एका सुईणीला शंभर बाळंतपणं आठवतात, पण शेण लावलेली आणि न लावलेली बाळं शेजारी शेजारी मांडून मोजलेली नसतात. भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्यामागे लस होती, आणि सुईणींना शिकवलेल्या पाच स्वच्छताही होत्या: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ.

इंग्रजी अमदानीत दुसरा प्रवाह आला. १८८५ मध्ये लेडी डफरीनच्या नावाने निधी उभा राहिला आणि बायकांसाठी बायकांचे दवाखाने निघू लागले. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी डफरीनच आहे. लेडी कर्झनने १९०३ मध्ये दायांच्या शिक्षणासाठी वेगळा निधी काढला. डफरीन निधी उभा राहिला त्याच काळात कल्याणची एक मुलगी हा विषय घेऊन फिलाडेल्फियात बसली होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. आपल्याच परंपरेतलं बाळंतपणाचं ज्ञान आधुनिक वैद्यकाच्या टेबलावर मांडायचं, हा तो प्रयत्न. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, त्या पुण्यात वारल्या. त्या जगल्या असत्या तर मराठीत या विषयावर पहिलं खणखणीत पुस्तक कुणी लिहिलं असतं याबद्दल मला शंका नाही.

मराठीत बाईला थेट उत्तर देण्याचं धाडस त्यानंतर र. धों. कर्व्यांनी केलं. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. वाचकांनी नाव न देता प्रश्न विचारायचे आणि कर्व्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे उत्तर द्यायचं, ही त्यातली सोय त्या काळी केवढी होती ते आज कळणं अवघड आहे. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. ते खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. आज रात्री अकरा वाजता गोधडीत तोंड घालून फोनला प्रश्न विचारणारी मुलगी त्याच वाचकांच्या वंशातली आहे. फरक असा की कर्वे आपल्या नावाने उत्तर देत आणि त्याबद्दल कोर्टात उभे राहत.

आता कथा परदेशात जाते, कारण पुराव्याची खूण तिथे घडली. १९७९ मध्ये ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी वैद्यकाच्या सगळ्या शाखांमध्ये पुराव्याच्या बाबतीत सर्वांत मागे असलेली शाखा म्हणून प्रसूतिशास्त्राला जाहीरपणे 'लाकडी चमचा' बहाल केला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक बाईला एनिमा, प्रत्येकीचे केस काढणं, पहिलटकरणीला सरसकट टाके, हे सगळं नेहमीचं होतं आणि त्याने भलं होतं का हे धड कुणी तपासलेलं नव्हतं. बायका तक्रार करत होत्या. पुढे तपासलं तेव्हा सरसकट करण्याचा फायदा दिसला नाही.

ही टीका मनावर घेतली ती ब्रिटिश डॉक्टर इयन चाल्मर्स यांनी. तरुणपणी पॅलेस्टिनी निर्वासितांमध्ये गाझात काम करताना, आपण कॉलेजात शिकलेलं सगळंच रुग्णाच्या भल्याचं नसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जगभरात गरोदर बायकांवर झालेल्या नीट चाचण्या त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकेक करून गोळा केल्या. नीट चाचणी म्हणजे काय? कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं, म्हणजे दोन्ही गट सारखे राहतात आणि शेवटी दिसणारा फरक औषधाचाच असतो. हा साठा १९८० च्या दशकाच्या शेवटी संगणकाच्या फ्लॉपीवर निघाला, दर काही महिन्यांनी नवी भर घालून. १९८९ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ झाला आणि त्याचबरोबर सामान्य वाचकासाठी एक छोटं पुस्तकही. १९९३ मध्ये याच कामातून कॉक्रेन ही संघटना उभी राहिली, आणि मग हृदयरोग, मधुमेह, मानसिक आजार सगळे त्या वाटेने गेले. वैद्यकातला पुरावा संगणकावर सगळ्यांसाठी एकत्र मांडण्याची सुरुवात गरोदर बाईपासून झाली, हे आपण फार कमी सांगतो. २००७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) पैसे भरून कॉक्रेनचा ग्रंथसंग्रह भारतातल्या कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येईल अशी व्यवस्था केली. इंग्रजीत.

कॉक्रेनचं बोधचिन्ह जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मधोमध एक उभी रेघ, तिच्यावर खाली खाली सात आडव्या रेघा. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. बहुतेक रेघा उभ्या रेघेला ओलांडतात, म्हणजे ती चाचणी एकटी घेतली तर ठामपणे काही सांगता येत नाही. पण तळाशी एक छोटा चौकटीचा आकार आहे आणि तो स्पष्टपणे डावीकडे आहे: सगळ्या मिळून सांगतात की औषधाने बाळं वाचतात. औषध होतं स्टेरॉइडचं इंजेक्शन, दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला द्यायचं, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी पहिली चाचणी १९७२ मध्येच छापली होती. निकाल एकत्र मांडायला पुढची सतराएक वर्षं गेली आणि तोवर जगभर कित्येक बाळं विनाकारण गेली.

इथून धागा आपल्याकडे येतो. हे इंजेक्शन एवढं गुणाचं, तर गावोगावी का देऊ नये? सहा देशांतल्या ग्रामीण भागांत ते करून पाहिलं गेलं. भारतातली दोन ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब २०१५ मध्ये आला आणि तो धक्कादायक होता. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत; सगळी बाळं धरली तर दर हजारी साडेतीन जास्त गेली. सोनोग्राफीशिवाय दिवस नीट मोजता येत नव्हते, दिवस भरत आलेल्यांनाही इंजेक्शन मिळालं, जन्मल्यावर बाळाला सांभाळायची सोय नव्हती. मग मोठ्या रुग्णालयांत, दिवस सोनोग्राफीने पक्के करून, पुन्हा चाचणी झाली. तिच्यातही बेळगाव होतं. २०२० मध्ये निकाल आला: अशा ठिकाणी औषध खरंच वाचवतं.

मला या गोष्टीत विश्वासार्ह माहितीची सगळी लक्षणं दिसतात. तिने स्वतःला पुन्हा तपासलं. कुठे, कुणाला, कोणत्या सोयींसह, हे सांगितलं. आणि वाईट निकालही छापला. फोनवरच्या व्हिडिओला यातलं काहीच करावं लागत नाही.

बेळगावच्याच जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने आणखी एक मोलाची गोष्ट दिली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आया मरण्याचं मोठं कारण. पण किती रक्त गेलं हे ओळखणार कसं? लुगड्यात, पोत्यात, मातीत मुरलेलं रक्त डोळ्यांच्या अंदाजाने नेहमी कमीच वाटतं. तिथल्या संशोधकांनी पारदर्शक प्लास्टिकची एक चादर तयार केली. बाळ जन्मलं की ती बाईच्या कमरेखाली सरकवायची. तिचं टोक निमुळतं होत एका पिशवीत उतरतं आणि पिशवीवर मापाच्या खुणा छापलेल्या असतात. नर्सबाई खाली वाकते आणि खूण वाचते, बस. ही चादर घेऊन २००२ ते २००५ मध्ये चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बायकांवर चाचणी झाली. त्यात निम्म्या बायकांना बाळ जन्मताच नर्सबाईने (एएनएम) मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. गोळी नसलेल्यांमध्ये १०० पैकी १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, गोळी घेतलेल्यांमध्ये सुमारे ६ जणींना. (हीच गोळी बाळ जन्मण्याआधी घरी घेतली तर गर्भाशय फाटू शकतं, म्हणून ती शिकलेल्या हातातूनच घ्यायची.) पुढे अशीच खुणांची चादर आफ्रिकेतल्या चार देशांत ८० रुग्णालयांच्या, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांच्या चाचणीत, लगेच उपचारांच्या ठरलेल्या क्रमासह वापरली गेली. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये छापून आलं.

आणि नागपूर. दिग्रसहून दोनशे किलोमीटरच्या थोडं पलीकडे. यवतमाळात वसंतराव नाईकांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथेही न भागणारी बाई नागपूरला जाते. तिथल्या सरकारी मेडिकलमध्ये आणि डागा स्त्री रुग्णालयात बीपी वाढलेल्या बायकांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, डॉ. शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या. पहिली २०१७ ची, ६०२ बायकांची: कळा आणायच्या असतील तर फुगा घालावा की मिसोप्रोस्टॉलच्या अगदी छोट्या मात्रा तोंडाने द्याव्यात? गोळीच्या गटात १०० पैकी ५७ जणी चोवीस तासांत नैसर्गिक वाटेने मोकळ्या झाल्या, फुग्याच्या गटात ४७. दुसरी २०१९ ची, ८९४ बायकांची: बीपी धोकादायक चढलं असेल आणि शिरेतून औषध द्यायची सोय नसेल, तर तोंडाने कोणती गोळी चालेल? निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि जुनी स्वस्त मिथाइलडोपा, तिन्ही बहुतेकींच्या कामी आल्या. निफेडिपिन थोडी सरस ठरली, ८४ टक्के. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरसाठी यापेक्षा उपयोगी माहिती कोणती असेल? त्या ८९४ बायका विदर्भातल्या सरकारी दवाखान्यांत आलेल्या होत्या, म्हणजे कुणाच्या तरी सुना, कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या. सुजलेल्या पायांनी आणि ठणकत्या डोक्याने त्यांनी कागदावर सही किंवा अंगठा केला, म्हणून जगाला उत्तर मिळालं.

तेच उत्तर मराठीत, साध्या शब्दांत, त्यांच्या बहिणींच्या फोनवर शोधून मिळत नाही, याचा मला राग येतो. ज्यांच्या अंगावर पुरावा तयार झाला त्यांना तो परत मिळायला हवा, आणि ही जबाबदारी चाचणीला पैसा देणाऱ्यांची, विद्यापीठांची आणि आपल्या आरोग्य खात्याची आहे. चाचणीच्या अंदाजपत्रकात इंग्रजी लेखासाठी पैसे असतात, तसेच मराठी आणि गोरमाटीतल्या निरोपासाठी असावेत. दिग्रसच्या आसपास गोरमाटी बोलणाऱ्या बंजारांचे तांडे आहेत, त्यांचं तीर्थ पोहरादेवी जवळ आहे. इथल्या कितीतरी घरांत बाळंतपणाची बोली मराठी नाहीच.

थोडं काम सुरू आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'अरमान' संस्थेने २०१४ पासून 'एम-मित्र' नावाने गरोदर बायकांना मराठी-हिंदीत फोनवर बोललेले निरोप पाठवले. केंद्र सरकारची 'किलकारी' ही तशीच सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, एकूण ७२ निरोप. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते ऐकता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून फोनवर काही शोधलं तर तिने काय पाहावं? सांगणाऱ्याचं नाव आणि शिक्षण दिसतं का, सांगून झाल्यावर तो काही विकतो का, आणि तो म्हणतो ते बायकांवर तपासलेलं आहे की कशावर. पपईचंच घ्या. प्रयोगशाळेत उंदरांवर पाहिलं तेव्हा कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकसलं आणि पिकलेल्या पपईने काही बिघडलं नाही. तेव्हा कच्ची टाळावी; पिकलेली एक फोड खाल्ली म्हणून रात्रभर रडत बसायचं कारण नाही. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, बाळ नाही; ही समजूत बहुधा तिथूनच निघाली. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असताना ती गोळी फेकून देणं फार महागात पडतं. आणि डोकं जोरात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काही झालं तर फोन शोधासाठी नाही, १०८ लावण्यासाठी उचलायचा.

उलट प्रश्न विचारायला मिळतं ते आशाताईला. २००५ नंतर ती गावोगावी आली. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० आया दगावत, २०१८-२० मध्ये ३३. या घटीत दवाखाना, गाडी, रक्तपेढी यांच्याबरोबर तिच्या पायपिटीचाही वाटा आहे. दिग्रसच्या ग्रामीण रुग्णालयातून बाळंतीण घरी गेली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने जायचं असतं. बाळाचं वजन करायचं, थर्मामीटर लावायचा, ते अंगावर नीट पितं का पाहायचं. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. २०११ पासून देशभर लागू झालेल्या या गृहभेटींचं मूळ विदर्भातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्या गावांत दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आल्याचं १९९९ मध्ये छापलं गेलं. आशाताई दारात आली की तिला विचारा, ताई, हे कुठून आलं? तिच्या प्रशिक्षणातच हे उत्तर घालावं, गावांच्या संख्येसकट.